बोरूच्या बेटातील गायक

पक्षी म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम झाड उभे राहते. आंब्यावर कोकिळा, वडावर साळुंकी, लिंबावर कावळा, अशी पक्ष्याची आणि झाडाची जोडी बालपणापासून मनात बसलेली असते. परंतु पक्षिसृष्टीत असेही एक कुळ आहे की, ज्याला झाडाशी फारसे कर्तव्य नाही. जेथे पाणी संपते पण जमीन अजून सुरू झालेली नसते, अशा दलदलीच्या अरुंद पट्ट्यांत हे पक्षी राहतात. तेथे उगवणाऱ्या नळाच्या आणि लव्हाळ्याच्या काड्या हेच त्यांचे अरण्य. ह्या कुळांतील जे पक्षी महाराष्ट्रात आढळतात, त्यांना मराठीत ‘बोरू वटवट्या’ असे अन्वर्थक नाव आहे.

बोरू हा शब्द जुन्या पिढीला निराळ्याच कारणाने परिचित आहे. टाक आणि निफ यांचा प्रसार होण्यापूर्वी पंतोजींच्या शाळेत कित्ता गिरवला जाई तो बोरूने. नळासारख्या जाड गवताची सुकलेली कांडी घ्यावी, चाकूने तिला तिरका छेद द्यावा, टोक मध्यभागी किंचित चिरावे आणि दौतीत बुडवावे. की लेखणी तयार. मोडीचे सहस्रावधी कागद ह्याच कांडीने लिहिले गेले. शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो, त्यालाही कित्येक ठिकाणी बोरू म्हणतात. तो बोरू वेगळा आणि हा वेगळा. लेखणीचा बोरू पाण्याच्या काठी वाढतो, आणि त्याच्या दाट बेटात हा लहानसा, रंगाने साधा पण कंठाने दांडगा पक्षी आपला संसार थाटतो. शाळांतून बोरू नाहीसा झाला त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तळ्याकाठचा बोरूही त्याच वाटेने जाणार की काय, हा प्रश्न आज उभा आहे.

असा पाणकाठचा पक्षी माणदेशात असावयाचा, ह्याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला म्हसवड. तेथे सरासरीने त्याचा दहावा हिस्साही पदरी पडेल तर भाग्य. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्याजवळ द्यावयास फारसे काही उरत नाही. उघडे माळ, मुरमाड जमीन, मेंढरांचे कळप आणि खांद्यावर घोंगडी टाकलेले मेंढपाळ, हे ह्या प्रदेशाचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ ह्या पुस्तकांनी मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविलेले आहे. ह्या चित्रात दलदल कोठली?

ती दलदल माणसाने निर्माण केली, आणि तीही दुष्काळाच्या पोटी. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांतील भयंकर दुष्काळात उपाशी लोकांच्या हाताला काम देण्यासाठी दख्खनमध्ये ठिकठिकाणी तलाव व बंधारे यांची कामे काढण्यात आली. माण नदीवर राजेवाडीजवळ बांधलेला विस्तीर्ण तलाव हा त्याच काळातला. त्याला कोणी राजेवाडीचा तलाव म्हणतात, कोणी म्हसवडचा. आज सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर तो पसरलेला आहे. पश्चिमेस खटाव तालुक्यातील मायणीचा तलावही असाच. हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे त्याचे नाव दूरवर झालेले आहे. तलाव बांधणाऱ्यांच्या मनात पिकांना पाणी देण्यावाचून दुसरा हेतू नव्हता. परंतु पाणी साचले, नदीने आणलेला गाळ उथळ बाजूस बसला, गाळात लव्हाळे आले, पाणकणीस आले, नळ आला. आणि शेवटी न बोलावता पाहुणेही आले.

ह्या पाहुण्यांची वेळ मोठी चपखल आहे. माणदेशात मृगाच्या सरी पुष्कळदा हुलकावणी देतात. येथला खरा पाऊस परतीचा, भाद्रपद-आश्विनातला. तळी भरतात ती त्या वेळी. आणि नेमक्या त्याच सुमारास उत्तरेकडील देशांत थंडीची चाहूल लागून बोरू वटवट्यांचे थवे दक्षिणेची वाट धरतात. पाणी आणि पाखरू यांची अशी एकाच महिन्यात गाठ पडते. चैत्र-वैशाखात तळे आटू लागते, काठाचा चिखल भेगाळतो, तोवर पाखरे आपल्या मुलखाला परत निघालेली असतात.

महाराष्ट्रात येणाऱ्या ह्या जातींपैकी आकाराने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा असा जो बोरू वटवट्या, त्याची ओळख प्रथम करून घेऊ. लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बुलबुलाएवढी. पाठ ऑलिव्हच्या छटेची तपकिरी, पोट मळकट पांढरे, गळा त्याहून उजळ, डोळ्यावरून भुवईसारखी गेलेली एक फिकट रेघ, आणि लांबट, बळकट चोच. ह्यापलीकडे वर्णन करण्यासारखे त्याच्या अंगावर काही नाही. वाळलेल्या नळाच्या रंगात तो असा मिसळून जातो की, दोन हातांवर असूनही दृष्टीस पडू नये. पायांची पकड मात्र पाहण्यासारखी. नळाची काडी उभी, गुळगुळीत आणि वाऱ्याने सतत हलणारी. तिच्यावर आडवे बसणे अशक्य. म्हणून हा पक्षी काडीला बाजूने धरतो, आणि कित्येकदा एक पाय एका काडीवर व दुसरा दुसऱ्या काडीवर, असा दोन्ही पाय फाकून मध्ये तोल सांभाळतो. मल्लखांबावरील खेळाडूला जे कसब अनेक वर्षांच्या तालमीने साधावे, ते ह्याला उपजतच साधलेले असते.

जो दिसत नाही त्याने ऐकू यावे, हा दाट गवतात राहणाऱ्या पक्ष्यांचा सामान्य नियम आहे. चार पावलांवरचे दिसू नये अशा ठिकाणी रंगीत पिसाऱ्याचा काय उपयोग? तेथे मादीला बोलावणे असो की शेजाऱ्याला हद्द बजावणे असो, दोन्ही कामे कंठानेच करावी लागतात. ह्या पक्ष्याचा कंठ तर इतका खणखणीत की, १८३३ साली इजिप्तमधील नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्या हेम्प्रिख आणि एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञांनी त्याचे नावच ‘स्टेंटोरियस’ असे ठेवले. ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ मध्ये स्टेंटॉर नावाचा एक पुकाऱ्या आहे. पन्नास माणसांचा आवाज त्या एकट्याच्या गळ्यात होता, असे त्याचे वर्णन आहे. आपल्याकडे हिवाळ्यात हा पक्षी बहुधा ‘चक्, चक्’ एवढ्याच तुटक शब्दावर भागवतो. परंतु वसंत जवळ आला की बेटाच्या आतून कर्कश आणि मंजुळ अशा दोन्ही प्रकारच्या सुरांची एक सरमिसळ सुरू होते. मधेच चाक करकरावे, मधेच कोणी शीळ घालावी, आणि पुन्हा चाक करकरावे. त्याला मधुर म्हणावे की नाही ह्यात मतभेद होईल. दुर्लक्ष करता येणार नाही ह्यात होणार नाही.

ह्या जातीची वीण मोठ्या प्रमाणावर होते ती काश्मिरात, वुलर आणि दल ह्यांसारख्या सरोवरांच्या नळांत. मुंबईच्या आसपास खाडीकाठच्या खारफुटीतही तिची वीण झाल्याची नोंद पक्षिशास्त्रज्ञांनी केलेली आहे. म्हणजे गोड्या पाण्यातील नळ नसला तर खाऱ्या चिखलातील झुडपावरही हा पक्षी भागवून घेतो. पण त्याच्या घरट्याची खरी खुबी कळते ती नळातच. शेजारशेजारच्या तीन-चार उभ्या काड्या निवडून त्यांच्याभोवती पानांच्या चिरफळ्या आणि तंतू गुंडाळीत मादी पाण्यापासून वर अधांतरी एक खोल वाटी विणते. ह्या कुळातील पक्षी पुष्कळदा ओली पाने वापरतात. ती वाळली की आक्रसतात आणि विणीची मिठी अधिकच घट्ट होते. वाटी खोल का, ह्याचे उत्तर वारा देतो. वाऱ्याने नळ जमिनीकडे वाकला तरी अंडी सांडता कामा नयेत. महापुरात लव्हाळे कसे वाचते हे तुकोबांनी सर्वांस शिकविलेले आहे. त्या लव्हाळ्याबरोबर वाकून त्याच्याबरोबरच वाचण्याची ही युक्ती ह्या पक्ष्याने साधलेली आहे.

दुसरी जात अंगाने बरीच लहान, सुमारे १३ किंवा १४ सेंटिमीटरांची. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती ‘ब्लिथचा बोरू वटवट्या’ ह्या नावाने ओळखली जाते. वजनाने दोन-तीन सुट्या नाण्यांइतका हा जीव फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशात उन्हाळा काढतो आणि हिवाळ्यासाठी भारत व श्रीलंका गाठतो. प्रवास बहुतांशी रात्रीचा. नावात बोरू असला तरी हा पाण्यालाच चिकटून राहत नाही; बाभळीची झुडपे, शेताची कुंपणे, शहरातील बागाही त्याला चालतात. जिभेने टाळूवर ‘टक्’ करावे तसा आवाज झुडपातून येत राहिला आणि आवाज करणारा मात्र दिसेना, तर बहुधा तो हाच समजावा.

ह्या सर्व जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की, त्यांच्यापैकी एक जात विद्वानांच्या डोळ्यांदेखत जवळजवळ १४० वर्षे हरवून राहिली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या इतिहासात सर्वांनी वाचलेले असते. परंतु ह्यूमसाहेब हे आपल्या काळातील मोठे पक्षिशास्त्रज्ञही होते, हे थोड्यांस ठाऊक असते. १८६७ च्या नोव्हेंबरात सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ त्यांना लांब चोचीचा एक बोरू वटवट्या मिळाला. तसा दुसरा पुढे कोणालाच मिळेना. ही खरोखर वेगळी जात आहे की दुसऱ्याच एखाद्या जातीतील विचित्र नमुना, ह्यावर वाद चालू राहिला. २००२ साली त्या जुन्या नमुन्याच्या आनुवंशिक तपासणीवरून जात वेगळी असल्याचे ठरले. आणि २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये बँकॉकच्या नैर्ऋत्येस पक्ष्यांना कडी घालण्याचे काम चालू असता फिलिप राउंड ह्या पक्षिशास्त्रज्ञांच्या हातात तोच पक्षी जिवंत आला. त्यानंतर संग्रहालयांचे खण उघडून पाहता आणखी काही नमुने ब्लिथच्या जातीच्या नावाखाली इतकी वर्षे पडून असल्याचे आढळले, आणि अफगाणिस्तानच्या वाखान भागात ह्या जातीची वीणही दिसून आली. ह्या कथेतील एक तपशील विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १३९ वर्षांनी हा पक्षी सापडला तो कोणत्या रमणीय सरोवरावर नव्हे, तर सांडपाणी नैसर्गिक रीतीने शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या एका केंद्रावर.

सांडपाण्याचा आणि ह्या कुळाचा संबंध योगायोगाचा म्हणता येणार नाही. नळ आणि पाणकणीस यांची कांडी आतून पोकळ व सच्छिद्र असते. पाण्याखालच्या गाळात हवा नसते. म्हणून ही झाडे वरची हवा देठातून मुळांपर्यंत पोहोचवितात आणि तिचा काही अंश मुळांभोवतीच्या चिखलात पाझरतो. त्या आधारावर असंख्य सूक्ष्म जंतू तेथे वाढतात आणि कुजणाऱ्या पदार्थांचे विघटन करतात. शेतांतून व वस्त्यांतून वाहून येणारे नत्र आणि स्फुरद ही झाडे आपल्या वाढीसाठी शोषून घेतात. शिवाय काड्यांच्या गर्दीत पाण्याचा वेग मोडतो, आणि नदीने आणलेला गाळ तळ्याच्या तोंडाशीच बसू लागतो. जो पट्टा पाहणाऱ्यास नुसते रान माजल्यासारखा वाटतो, तो वास्तविक तळ्याची गाळणी असतो.

ह्याच चिखलात चिलटांच्या अळ्या वाढतात. चतुराचे पिल्लू प्रथम पाण्यात राहते आणि पंख फुटावयाच्या वेळी नळाच्याच काडीवर चढून कात टाकते. बोरू वटवट्या त्या काडीवर टपलेला असतोच. पाण्यातील अन्न हवेत आणून देणारी शिडी म्हणजे हा नळ. ती शिडी काढली की अन्न पाण्यातच राहते आणि पाखरू उपाशी. ह्याच बेटांत पावसाळ्यात रेषाळ सुगरणी घरटी विणतात, जांभळ्या पाणकोंबड्या कोवळे कोंब खातात, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी पाकोळ्यांसारख्या दिसणाऱ्या भांडीक पक्ष्यांचे व धोबी पक्ष्यांचे थवे मुक्कामाला उतरतात.

निसर्गाने ही योजना एकाच खंडापुरती ठेवलेली नाही. दक्षिण अमेरिकेत पेरू, चिली आणि अर्जेंटिना ह्या देशांच्या दलदलीत एक चिमुकला पक्षी राहतो. त्याच्या अंगावर हिरवा, पिवळा, निळा, काळा, पांढरा, तांबडा असे रंग असल्यामुळे तिकडील लोक त्याला ‘सिएते कोलोरेस’, म्हणजे सप्तरंगी, म्हणतात. बोरू वटवट्याशी त्याचे कुळ मुळीच जुळत नाही, आणि रंगांत तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. परंतु तोही लव्हाळ्यात राहतो, तोही काडीला बाजूने धरतो, तोही पाण्यावर तरंगणारे किडे वेचतो. आणि त्याचे शंकूच्या आकाराचे घरटे तर एकाच काडीला चिकटवलेले असते. दोन निराळी घराणी, मध्ये महासागर, आणि संसाराची रीत मात्र एक. कारण घर एकच: पाणी आणि जमीन यांच्यामधला तो हातभर रुंदीचा पट्टा. तो नाहीसा झाला तर दोघांनाही दुसरे घर नाही.

आता माणदेशातील तळ्यांकडे पुन्हा वळू. १८७६ नंतर बांधलेल्या तलावांत दीडशे वर्षांचा गाळ साचलेला आहे. ज्या तालुक्यात पाण्याच्या घागरीसाठी बायाबापड्यांनी मैलोगणती वाटा तुडविल्या, तेथे गाळ काढून तळे खोल करा असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली ती ह्याच गरजेतून. तळ्यात पाणी वाढावे आणि सुपीक गाळ शेतात जावा, हा तिचा हेतू सर्वथा स्तुत्य आहे. अडचण उत्पन्न होते ती काम करण्याच्या रीतीत. यंत्र एकदा तळ्यात उतरले की खोल भाग कोणता आणि काठ कोणता, हा भेद सहज पुसला जातो. काठ उभा कापला गेला की तेथे एकदम खोल पाणी होते, आणि खोल पाण्यात नळ रुजत नाही. त्याखेरीज उन्हाळ्यात कोणी बेटाला काडी लावतो, कोणी उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीसाठी लव्हाळे उपटून काढतो. ह्यांपैकी प्रत्येक कृती लहान. परंतु पट्टाच मुळी अरुंद, त्यामुळे त्याचा नाश होण्यास मोठ्या कारणाची जरूर पडत नाही.

कायद्याचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि भारत १९८२ पासून त्यात सामील आहे. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली घोषित झाले. २०२२ साली ठाण्याच्या खाडीला तोच मान मिळाला. नांदूर मध्यमेश्वरची कथा माणदेशासारखीच आहे: गोदावरीवर शेतीसाठी बंधारा बांधला, गाळ साचला, गाळातून बेटे झाली आणि बेटांवर पक्षी आले. परंतु सर्वच तलावांच्या नशिबी असा मान नसतो. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या दिलेली आहे, तीतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्राच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे अगदी विरळा. येथील बहुतेक तळी माणसाने शेतीसाठीच बांधलेली. म्हणजे जेथे पाणकाठचे पक्षी प्रत्यक्ष राहतात, त्यांपैकी पुष्कळशा जागा ह्या नियमांच्या दृष्टीने पाणथळ नव्हेतच.

जेथे नियमाचा हात पोहोचत नाही तेथे गावाचा शहाणपणा पोहोचू शकतो. माणसाचे पाणी आणि पाखराचा नळ यांत वैर असलेच पाहिजे असे नाही. गाळ काढावयाचा तो बंधाऱ्याकडील खोल भागातून काढावा. नदी जेथे तळ्यात शिरते तेथील उथळ बाजू तशीच राहू द्यावी. त्या बाजूचा नळ पुढचा गाळ अडवील, आणि खोल भाग पुन्हा भरण्यास अधिक वर्षे लागतील. नळ मुळीच कापू नये असेही नाही. जुने बेट वर्षानुवर्षे तसेच राहिले तर त्याच्याच पाचोळ्याने जागा भरून येते. म्हणून दर वर्षी एक तिसरा हिस्सा आळीपाळीने कापावा. आणि तो चैत्र सरल्यावर व मृग लागण्यापूर्वी, म्हणजे पाहुणे परत गेलेले असतात आणि सुगरणींची वीण सुरू व्हावयाची असते अशा मधल्या काळात. पेटवू मात्र नये. कापलेल्या नळाचे कुंपण होते, छप्पर होते. पाणकणसाच्या पानांची चटई होते.

ह्यांत खर्चाचे असे काही नाही. तळ्याचा कोणता भाग कशासाठी हे आधी ठरविणे, एवढेच आहे. आश्विनात माण नदीला पाणी आले, तलावाचा काठ भिजला आणि तेथे नळाचे बेट उभे असले, तर सैबेरियाकडून निघालेले ते अकरा-बारा ग्रॅम वजनाचे पाखरू रात्रीच्या अंधारात उतरून सकाळी त्या बेटात ‘टक्, टक्’ करू लागेल. तळ्यावर पाणी भरावयास आलेल्यांपैकी कितीकांना तो आवाज कोणाचा हे कळेल हा प्रश्न वेगळा. पण तो ऐकू येतो तोवर तळ्याची गाळणी शाबूत आहे, असे खुशाल समजावे.